उरलेल्या बलकाचे पुढे काय होते?

गेल्या ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण शिक्षिका भेटायला आली. हातात पत्र्याचा डबा होता आणि डब्यात तिने स्वतः भाजलेले मरँग. शंखासारखे वळणदार, चुन्यासारखे शुभ्र, तळहातावर ठेवले तर वजन जाणवू नये इतके हलके. दाताखाली येताच चुरचुरत आणि जिभेवर पोहोचेपर्यंत विरून जात. मी मनापासून कौतुक केले आणि सहज विचारले, "किती अंडी लागली गं?"

"आठ, फादर. पण आठांचा नुसता पांढरा भाग."

"आणि पिवळे बलक?"

तिने मान खाली घातली. "दोन दिवस वाटीत झाकून ठेवले होते. मग टाकून दिले. पुस्तकात त्यांचे काही लिहिलेच नव्हते."

तिचे हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना. माझ्या लहानपणी आमच्या अंगणात पाचसहा कोंबड्या असत. त्यांची अंडी आई मोजून घेई, भाताच्या तुसात रोवून ठेवी आणि बाजाराच्या दिवशी टोपलीतून विकायला नेई. आमच्या वह्यापेन्सिली त्या टोपलीतून येत. घरात अंडे शिजे ते आजारी माणसासाठी, नाहीतर सणावाराला. अशा घरात वाढलेल्या माणसाला आठ बलक मोरीत गेल्याचे ऐकून राग यावा हे स्वाभाविक होते. परंतु तो राग त्या मुलीचा नव्हता. तिने पुस्तकाची आज्ञा अक्षरशः पाळली होती. राग आला तो पुस्तकाचा. पुस्तकावर रागावायचे तर ते आधी नीट वाचले पाहिजे, एवढी शिस्त सेमिनरीने लावलेली आहे. तेव्हा पुढचे काही महिने मी फ्रेंच मिठाईची मिळतील ती पुस्तके वाचून काढली. काही इंग्रजी अनुवादात, काही शब्दकोशाच्या आधाराने मूळ फ्रेंचमध्ये. ज्या गुरुजनांनी ईशज्ञानाचे ग्रंथ वाचता यावेत म्हणून मला थोडीफार फ्रेंच शिकवली, त्यांना हा उपयोग पाहून काय वाटले असते, हा प्रश्न बाजूला ठेवतो.

वाङ्मयीन त्रैमासिकात पाककृतींची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की पाककृती हेही गद्यच आहे, आणि त्या गद्याला स्वतःचा असा घाट आहे. घ्या, चाळा, फेटा, भाजा, असे ते आज्ञार्थात चालते. त्यात विशेषणे कमी, परिमाणे जास्त. वाचकाने लेखकावर पूर्ण विश्वास टाकावा असे ज्या थोड्या साहित्यप्रकारांना मागता येते त्यांपैकी हा एक. परंतु ज्या लेखनावर वाचक इतका विसंबून राहतो, त्याचे मौनही वाचक आज्ञेसारखे पाळतो. जे सांगितले नाही ते नाहीच, असे तो धरून चालतो. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात एखादी धाकटी बहीण घरात येते आणि पुढे तीनशे पानांत तिचे नावही निघत नाही, तेव्हा समीक्षक लेखकाला जाब विचारतो. फ्रेंच मिठाईच्या पुस्तकात पहिल्याच ओळीत अंडे फुटते, त्याचे दोन भाग होतात, एक भाग कथेचा नायक होतो आणि दुसऱ्याचे पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही. हा रचनेचाच दोष नव्हे काय?

उदाहरणादाखल पिएर एर्मे या नामवंत पॅरिसकर मिठाईकाराची मॅकरॉनची कृती घेऊ. २००८ साली त्याचे मॅकरॉनवर स्वतंत्र पुस्तक निघाले आणि त्यातील मूळ कृती जगभरच्या हौशी स्वयंपाकघरांत पोहोचली. बदामाची पूड ३०० ग्रॅम, पिठीसाखर ३०० ग्रॅम, साधी साखर ३०० ग्रॅम, पाणी ७५ ग्रॅम, आणि अंड्याचा पांढरा भाग ११० ग्रॅम अधिक ११० ग्रॅम. पांढऱ्या भागाची ही दोनदा केलेली मोजणी वाचताना प्रथम खटकते. पण तिच्यात विचार आहे. पहिले ११० ग्रॅम कच्चेच बदामपुडीत मिसळायचे. दुसरे ११० ग्रॅम फेटून त्यांवर ११८ अंशांपर्यंत चढवलेल्या साखरेच्या पाकाची धार सोडायची. व्याकरणाच्या सूत्रासारखी ही कृती आहे. अनावश्यक शब्द एकही नाही, आणि जी सांगितली ती प्रत्येक गोष्ट बरोबर आहे. गद्य म्हणून मला ती फार आवडली.

आता हिशेब करू. फ्रेंच मिठाईकार टरफलाशिवायचे अंडे ५० ग्रॅमचे धरतात; त्यात पांढरा भाग ३० ग्रॅम, पिवळा बलक २० ग्रॅम. म्हणजे २२० ग्रॅमसाठी सात अंडी फोडूनही थोडे कमीच पडते. मागे १४० ते १५० ग्रॅम बलक राहतो. मॅकरॉनच्या दोन कवचांमध्ये जे सारण भरायचे ते पुष्कळदा साय आणि चॉकलेट यांचे असते. त्यात बलकाला प्रवेश नाही. दोन कवचे जोडून मध्ये सारण भरण्याची पॅरिसची पद्धत विसाव्या शतकातली. तिचे श्रेय सामान्यतः लादुरे या दुकानाच्या पिएर देफोंतेन यांना देतात. जुन्या धाटणीच्या फ्रेंच सारणांत एक लोण्याचे क्रीम आहे. ते बलक फेटून, त्यांवर गरम पाक ओतून, मग लोणी घालून करतात. त्या सारणात बाहेर राहिलेला बलक आत येऊन बसतो. चवीच्या दृष्टीने चॉकलेटचे सारण सरस आहे हे मी मान्य करतो. पण लोण्याच्या क्रीमबरोबर बलकाचे घरही गेले, हे कोणीतरी लिहायला हवे होते.

एर्मेने ते का लिहिले नाही? कारण त्याला बलक उरतच नाही. मोठ्या मिठाईघरांत पाश्चरीकरण केलेला पांढरा भाग आणि बलक वेगवेगळ्या बाटल्यांतून लिटरच्या मापाने विकत येतात. शिवाय तिथे अंडी फोडली तरी शेजारच्या टेबलावर दुसरा कारागीर त्याच बलकांचे क्रीम शिजवीत असतो. दुकान हा एक संपूर्ण देह आहे. पुस्तकात आलेली कृती हा त्याचा कापून आणलेला एक हात. म्हणजे हा लबाडीचा प्रकार नाही. दुकानातील भाषा जशीच्या तशी घरात आली, आणि येताना तिचा संदर्भ वाटेत गळून पडला, असे झाले आहे.

संदर्भ गळण्याची ही गोष्ट जुनी आहे. लोरेन प्रांतातील नान्सी या गावाचे मॅकरॉन प्रसिद्ध आहेत. ते पॅरिसच्या रंगीत मॅकरॉनसारखे नसतात; बदाम, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग एवढ्यांचेच, वरून तडकलेले, साधेसुधे. तेथील बेनेडिक्टाइन मठवासिनींना मांस वर्ज्य होते, त्यामुळे बदाम आणि अंडी यांना त्यांच्या आहारात महत्त्व होते. १७९२ साली क्रांतीच्या शासनाने मठ बंद केले. मार्गरीत गायो आणि मारी-एलिझाबेथ मोर्लो या दोन धर्मभगिनींना गावातील एका डॉक्टरने आसरा दिला. उदरनिर्वाहासाठी त्यांनी मठातले मॅकरॉन करून विकायला सुरुवात केली. लोक त्यांना 'मॅकरॉन-भगिनी' म्हणू लागले, आणि १९५२ साली नान्सी शहराने त्या राहत होत्या त्या रस्त्याच्या एका भागाला त्यांचे हे नाव दिले. मला या हकीकतीत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मठ चालू होता तोवर मॅकरॉन हा त्याच्या मोठ्या स्वयंपाकघरातील अनेक पदार्थांपैकी एक होता. मठ मोडला आणि तो एकटा बाहेर पडला. ज्या पंगतीत तो बसत असे ती पंगत मागे राहिली.

असेच दुसरे उदाहरण व्हिजिटेशन संघाच्या भगिनींचे. त्यांच्या नावाची व्हिजितांदिन ही छोटी केकवजा वडी पांढरा भाग, बदामपूड आणि लोणी यांची असते. परंपरा सांगते की मठात बलक इतरत्र खर्ची पडत आणि उरलेल्या पांढऱ्या भागाला वाट देण्यासाठी ही वडी निघाली. पुढे १८९० च्या सुमारास पॅरिसच्या शेअरबाजाराजवळच्या लान नावाच्या मिठाईकाराने तिला सोन्याच्या विटेचा आकार दिला, म्हणजे बाजारातील दलालांना बोटे न माखता खाता यावी; आणि तिचे नाव फिनान्सिए, म्हणजे सावकार, झाले. उरलेले वाया जाऊ नये म्हणून जन्मलेल्या पदार्थाला सावकाराचे नाव मिळावे, हा विनोद इतिहासच करू जाणे! आज मात्र घरोघरी फिनान्सिए करण्यासाठी मुद्दाम अंडी फोडतात आणि बलक उरवतात. पदार्थ तोच राहिला, त्याचे प्रयोजन उलटे झाले.

बोर्दोचे कानेले हे त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूचे. दूध, पीठ, साखर, रम, व्हॅनिला आणि बलक यांचा हा पदार्थ बाहेरून काळपट कुरकुरीत आणि आत मऊ असतो. बोर्दोच्या तांबड्या द्राक्षमद्यातील गढूळपणा आणि तुरटपणा खाली बसवण्यासाठी २२५ लिटरच्या पिंपात पाचसहा अंड्यांचा पांढरा भाग घालण्याची रीत आहे. अंड्यातील प्रथिने तुरट द्रव्यांना चिकटून तळाशी जातात. उरलेले बलक मद्यवाले मठांना देत आणि तेथील भगिनी त्यांचे कानेले करीत, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. लिखित पुराव्यापेक्षा तोंडी परंपरेवरच ती अधिक उभी आहे. गोव्याच्या बेबिंकेविषयीही अशीच कथा आहे. पांढरा भाग मठातील वस्त्रांच्या खळीला, बलक मिठाईला, ही पोर्तुगालच्या मठांतील व्यवस्था गोव्याला आली. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातील बिबियाना नावाच्या भगिनीने बेबिंका प्रथम केली, असे सांगतात. मी या कथा शपथेवर सांगणार नाही. मिठाईच्या दंतकथांविषयी सावधच राहिलेले बरे. मरँग हा पदार्थ स्वित्झर्लंडमधील मायरिंगेन गावी १७२० साली जन्मला असे अनेक पुस्तके छापतात. पण मासियालो या फ्रेंच लेखकाच्या १६९२ च्या पुस्तकात तो शब्द आधीच छापलेला आहे. तारीखच कथेच्या विरोधात साक्ष देते.

तरीही कानेले आणि बेबिंकेच्या कथा मी निरुपयोगी मानीत नाही. त्या खऱ्या असोत वा नसोत, त्या सांगणाऱ्या लोकांना एक प्रश्न पडला होता हे त्यांतून दिसते. इतके बलक लागतात, तर पांढऱ्याचे काय होत असेल? बोर्दोच्या माणसाने उत्तर दिले, मद्यात गेले. गोव्याच्या माणसाने सांगितले, खळीत गेले. आजच्या चकचकीत पुस्तकांना हा प्रश्नच पडत नाही. दंतकथा सांगणारी आजी त्या बाबतीत अधिक चौकस ठरते.

आता गृहिणींसाठी म्हणून लिहिलेल्या पुस्तकांकडे वळण्यापूर्वी एस्कॉफिएला न्याय दिला पाहिजे. त्याचा 'ल गीद क्युलिनेर' हा १९०३ चा ग्रंथ मिठाईच्या बाबतीत तितकाच मूक आहे. पण तो व्यावसायिकांसाठी होता. एस्कॉफिएने मोठ्या हॉटेलातील स्वयंपाकघर सैन्यासारखे तुकड्यांत बांधले. त्या व्यवस्थेत सॉस करणाऱ्याला हॉलंडेझसाठी बलक लागतात, सूप करणाऱ्याला कॉन्सोमे नितळ करण्यासाठी पांढरा भाग लागतो, आइस्क्रीमवाल्याला पुन्हा बलक. अंड्याचे दोन्ही भाग हातोहात जातात. तिथे मौन म्हणजे सहकाऱ्यांमधील गृहीत धरलेली समजूत होय. एका अंड्याचा संसार चालवणाऱ्या बाईपुढे ते पुस्तक ठेवले, की त्याच मौनाची नासाडी होते.

घरासाठी लिहिणाऱ्यांत जिनेत मातियो यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्या गृहविज्ञानाच्या शिक्षणक्षेत्रातल्या. त्यांचे 'झ से क्विझिने' (म्हणजे 'मला स्वयंपाक येतो') १९३२ साली आले आणि फ्रेंच घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदले. कृती आटोपशीर, सामग्री साधी, वाचकावर छाप पाडण्याचा सोस नाही. परंतु बहुतेक पाकग्रंथांचा एक वारसा या प्रकारच्या लेखनालाही सुटत नाही, तो म्हणजे वर्गीकरण. क्रीम एका प्रकरणात, मरँग दुसऱ्या, बिस्किटे तिसऱ्या. ग्रंथपालाला ही मांडणी सोयीची आहे. चुलीपुढे उभ्या असलेल्या माणसाला नाही. एकाच अंड्यातून निघालेल्या दोन भावंडांची घरे तिने शंभर पानांच्या अंतरावर बांधली. वाचकाने पुस्तक सरळ न वाचता आडवे वाचावे, म्हणजे मरँगच्या पानावर बोट ठेवून क्रीमचे पान शोधावे, हे त्याला कोणी शिकवीत नाही.

सिमोन बेक, लुइझेत बेर्तोल आणि ज्युलिया चाइल्ड या तिघींचे 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग' (१९६१) अमेरिकन वाचकांसाठी लिहिलेले, आणि मला वाचलेल्यांत सर्वांत प्रामाणिक वाटलेले पुस्तक. त्याची छपाईच वेगळी आहे. सामग्री वरती एकगठ्ठा न देता डाव्या रकान्यात, ज्या टप्प्यावर ती लागते त्या टप्प्याशेजारी दिली आहे. 'रेन द साबा', अर्थात शबाची राणी, या चॉकलेट-बदामाच्या केकची कृती पाहावी. तीन बलक आधी लोणी-साखरेत जातात. काही ओळींनंतर तीनच अंड्यांचा पांढरा भाग फेसाळून परत येतो. पुस्तकाने उपदेश केलेला नाही. पण नजर डाव्या रकान्यातून खाली उतरते तेव्हा तीन गेले आणि तीन परत आले हे दिसते. मांडणीने अर्थ सांगणे यालाच आपण साहित्यात रचनासौष्ठव म्हणतो. उणीव एवढीच, की ज्या कृतीत अंडे अर्धेच लागते तिथे हा रकानाही रिकामाच राहतो.

शबाच्या राणीमुळे मला या सगळ्या वाचनातील खरा लाभ झाला. फ्रेंच मिठाई उधळी आहे हा माझा पूर्वग्रह तिने मोडला. पदार्थांकडे पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले की या परंपरेतील काही अभिजात कृती अंडे फोडतात ती पुन्हा जोडण्यासाठीच. 'हिमातली अंडी' अशा अर्थाच्या नावाचा एक जुना घरगुती पदार्थ आहे. त्याचे जवळचे भावंड म्हणजे 'तरंगते बेट'. चार अंडी, अर्धा लिटर दूध, साखर, व्हॅनिला. चार अंड्यांचा पांढरा भाग थोड्या साखरेबरोबर घट्ट फेसायचा. दूध तापवून, उकळी फुटू न देता, त्यावर त्या फेसाचे चमचाभर ढग सोडायचे; एकदोन मिनिटांनी उलटायचे आणि काढून निथळत ठेवायचे. मग तेच दूध गाळून चार बलक आणि साखर यांवर हळूहळू ओतायचे आणि मंद आचेवर सारखे ढवळत दाट करायचे. उष्णता ८२ ते ८४ अंशांपर्यंत; त्यापुढे गेले की बलक फाटून दाणे पडतात. थंड झालेल्या या पिवळ्या दुधात पांढरे ढग सोडायचे आणि वरून जळक्या साखरेची तार. अंडे सगळे संपले, इतकेच नव्हे तर ज्या दुधात पांढरे शिजले तेही वाया गेले नाही. मला हा पदार्थ फ्रेंच मिठाईतील भावगीत वाटतो. दुकानाच्या काचेत तो शोभत नाही, प्रवासाला टिकत नाही. तो घरातच जन्मतो आणि त्याच दिवशी संपतो. कदाचित म्हणूनच चकचकीत पुस्तकांत त्याला मागची जागा मिळते.

त्याचा शहरी, सुशिक्षित भाऊ म्हणजे शिबूस्त क्रीम. भट्टीवाल्यांचा पाठीराखा संत ओनोरे याच्या नावाचा जो केक पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निघाला, त्यात हे क्रीम भरतात. बलक, दूध आणि पीठ यांचे दाट क्रीम शिजवून ते गरम असतानाच त्यात पाक घालून फेसलेला पांढरा भाग मिसळायचा. बलक आणि पांढरे दोन्ही आगीतून जातात, वेगवेगळ्या वाटांनी, आणि शेवटी एकाच पातेल्यात भेटतात. लिंबाच्या टार्टवर मरँगचा मुकुट चढवतात तोही त्याच कुळातला : बलक खाली लिंबात, पांढरे वर.

मग अंडे मुळात फोडून वेगळे करायचेच कशाला? कारण दोघांचा स्वभाव भिन्न. पांढऱ्या भागातील प्रथिने फेटल्यावर उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे विणतात. बलकातील स्निग्धांशाचा थेंबही त्या जाळ्यात शिरला तर फेस चढायला नाठाळपणा करतो. तांब्याच्या भांड्यात फेस अधिक टिकतो हा फ्रेंच कारागिरांचा जुना अनुभव. हॅरल्ड मॅगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली 'नेचर' या नियतकालिकात त्याचे कारण दाखवले. अंड्यातील एक प्रथिन तांब्याशी जोडले जाऊन बळकट होते. वेगळे करणे ही कारागिरीची गरज आहे. वेगळे करून विसरणे ही नाही.

ज्यांना मरँगच करायचे आहे, तरंगते बेट नको, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. चार अंड्यांचा पांढरा भाग म्हणजे सुमारे १२० ग्रॅम. त्याला साखर दुप्पट, २४० ग्रॅम. भट्टी १०० अंशांच्या आत. वेळ दीड ते दोन तास. आपल्याकडे पावसाळ्यात करू नयेत. साखर हवेतील ओल ओढते आणि मरँग चिकट होतात. उरलेले चार बलक त्याच दिवशी अर्धा लिटर दुधाच्या क्रीममध्ये जातात. सहा उरले तर ब्रिटनी प्रांताचा खारट लोण्याचा केक करावा. त्यात पांढरा भाग लागतच नाही, दूधही नसते, म्हणून तो काही दिवस टिकतो. बलकाचा शेवटचा चमचाही वरून फासायला कामी येतो, आणि त्यावर काट्याने जाळीच्या रेघा ओढतात. उलट बलकाचे पदार्थ आधी केले तर पांढरा भाग फिनान्सिएला किंवा बदामाच्या पातळ चकत्यांना ठेवावा. पांढरा भाग फ्रिजमध्ये तीनचार दिवस राहतो, आणि गोठवला तर कित्येक महिने. बलकाला दोन दिवसांपलीकडे थांबवू नये. गोठवायचा झाल्यास साखर किंवा मीठ मिसळूनच, नाहीतर तो चिकासारखा घट्ट होतो आणि पुन्हा मोकळा होत नाही. एवढे चार ओळींत सांगता येते. चारशे पानांच्या पुस्तकाला एवढी जागा सापडू नये?

माझ्या एका सहकारी धर्मगुरूंनी या लेखाचा विषय ऐकून आक्षेप घेतला. ते म्हणाले, "फादर, सणाच्या मिठाईत हिशेब कसला मांडता? 'बाबेट्स फीस्ट' विसरलात काय?" विसरलो नाही. आयझॅक डिनेसन यांच्या कथेवर गाब्रिएल अॅक्सेलने १९८७ साली काढलेला तो डॅनिश चित्रपट मी तीनदा पाहिला आहे. पॅरिसच्या धामधुमीतून १८७१ साली पळून आलेली बाबेट सोडतीत मिळालेले १०,००० फ्रँक बारा माणसांच्या एका जेवणावर उडवते. सर्वस्व उधळते असे आपण म्हणतो. पण नीट पाहा : तिच्या स्वयंपाकघरातून काहीही मोरीत जात नाही. तिने पैसा खर्च केला, पदार्थ वाया घालवला नाही. जे शिजले ते त्या कोरड्या, भांडखोर माणसांच्या पोटात आणि पोटातून मनात गेले. औदार्य आणि नासाडी यांत फरक आहे. पाच हजारांच्या जेवणानंतरही उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरून घेतल्या होत्या, याची मी सहकाऱ्यांना आठवण दिली. त्यांनी विषय बदलला.

त्या शिक्षिकेचे पुस्तक मी मागून घेतले होते. परत करताना मरँगच्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिले : 'बलक : पान १८६ पाहा.' पान १८६ वर क्रीमची कृती होती. तिथे लिहिले, 'पांढरे : पान ४२ पाहा.' अशा चौदा खुणा झाल्या. पुस्तकात लिहिणे मला आवडत नाही, पण रबराने पुसता येईल असे तिला सांगितले. महिन्याभराने ती पुन्हा आली, या वेळी डबा नव्हता. तरंगते बेट घरच्या घरी संपले होते. सासऱ्यांनी दोन वाट्या घेतल्या आणि साखर जास्त झाली म्हणून तक्रारही केली. खुणा तिने पुसल्या नव्हत्या. उलट पान २११ वर तिची स्वतःची एक भर पडली होती, शाईने.